सर वर्गात नसताना: खेड्यातल्या शिक्षकाचं नेतृत्व रोजच्या वागण्यातून कसं उभं राहतं

द्विशिक्षकी शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला हा दिवस ओळखीचा आहे. जोडीदार शिक्षक केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला गेलेला, पहिली ते चौथी चारही वर्ग तुमच्या एकट्याकडे, आणि अकराच्या सुमारास फोन येतो की अमुक माहिती आत्ताच्या आत्ता भरून पाठवा. तुम्ही ऑफिसच्या खोलीत जाता. नेटवर्क मिळून माहिती जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात वर्गात काय होतं?

एका वर्गात मॉनिटर फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावं’ लिहीत उभा असतो, दोघं दाराशी ढकलाढकली करत असतात, एक लेकरू रडत असतं. दुसऱ्या वर्गात आवाज असतो, पण तो कामाचा असतो. चौथीतली पोरगी दुसरीतल्या दोघांना बोट ठेवून वाचायला लावते आहे, तिसरीचा गट गणितावरून वाद घालतो आहे. हे दोन्ही वर्ग माझेच होते, दहा-बारा वर्षांच्या अंतरानं, यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन सारख्याच गावांमधले. मुलं सारखीच होती, पुस्तकंही फारशी वेगळी नव्हती. फरक पडला होता तो माझ्या वागण्यात.

नेतृत्व म्हटलं की आपल्याला मुख्याध्यापक किंवा सरपंच आठवतात. पण सात वर्षांचं मूल दिवसातले पाच-सहा तास एकाच मोठ्या माणसाकडे बघत असतं. तो उशिरा आला की काय करतो, रागावला की काय करतो, चुकला की काय करतो, कोणाकडे बघून हसतो, हे सगळं ते टिपतं आणि सर वर्गात नसताना तसंच वागतं. म्हणून खाली जे लिहितो आहे ते शाळेच्या दिवसाच्या क्रमानं लिहितो. सगळं एकदम करायला जाऊ नका, त्याबद्दल शेवटी सांगतो.

पहिली दहा मिनिटं

शाळा साडेदहाची असेल तर दहा-वीसला पोहोचा. हे शिस्तीसाठी सांगत नाही. त्या दहा मिनिटांत वर्गखोली झाडली जाते, आणि ती कोण झाडतं ते तुम्हाला दिसायला हवं. बहुतेक शाळांत ते काम न सांगता मुलींवर येतं, आणि मुलं मैदानात असतात. एक आठवडा फक्त बघा, मग एके दिवशी खराटा स्वतः हातात घ्या. भाषण करायचं नाही. मी पहिल्यांदा झाडायला लागलो तेव्हा पोरी धावत आल्या, “सर, द्या नं इकडे.” मी म्हटलं, आज माझी पाळी. तिसऱ्या दिवशी चौथीतले दोन मुलगे स्वतःहून आले. त्यानंतर सगळ्यांच्या नावांची पाळी लावली, त्यात माझंही नाव होतं, आणि माझा वार मी कधी चुकवला नाही.

आपल्या मातीत हे नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचे आणि कीर्तन संध्याकाळी करायचे. दिवसभर झाडणारा माणूस रात्री स्वच्छतेवर बोलला तर गाव ऐकतं. वर्ध्याला १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली, तिच्यातही हातानं करायचं काम शिक्षणाच्या मधोमध होतं. आपण या दोघांच्या प्रदेशात शिकवतो, ही मला मोठी गोष्ट वाटते.

हजेरी घेताना

हजेरी दोन मिनिटांत उरकता येते, आणि तिच्यातून गावही कळू शकतं. नाव घेतलं की वर बघा. मूल ‘हजर’ म्हणेल तेव्हा तुमची नजर त्याच्यावर असू द्या, हजेरीपटावर नको. कोणाचा आवाज आज बारीक आहे, कोणाचे डोळे सुजलेत, हे तेवढ्यात दिसतं.

खरी कसोटी दसरा-दिवाळीनंतर लागते. सोयाबीनची सोंगणी संपते न संपते तोच कापसाची वेचणी सुरू होते आणि पट विरळ होतो. काही घरं तर कामासाठी गावच सोडतात. आठ-दहा दिवसांनी मूल परत येतं तेव्हा ते दारात थोडं थांबतं. त्या क्षणी तुम्ही जे बोलाल त्यावर पुढचे पंधरा दिवस ते येणार की नाही हे ठरतं. “काय, आज आठवण झाली शाळेची?” हे वाक्य मी कितीतरी वर्षं बोललो. आता बोलत नाही. त्याऐवजी:

१. नावानं हाक मारा, “ये, बस. तुझी जागा आहे.” आणि जागा खरंच ठेवलेली असू द्या.
२. का आला नव्हतास, हे सगळ्यांसमोर विचारू नका. मधल्या सुट्टीत, एकट्याला विचारा.
३. बुडालेला अभ्यास एका वर्गमित्राकडे सोपवा. दोघांनी रोज वीस मिनिटं बसायचं, आणि काय झालं ते त्या मित्रानं तुम्हाला सांगायचं.
४. त्याच आठवड्यात संध्याकाळी घरी जा.

मधल्या सुट्टीत विचारलं की कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं. तिसरीतली एक पोरगी मला म्हणाली, “मी वेचाले नव्हती गेली, सर. लहान्या भावाले पाहाले कोनी नव्हतं.” तिची आई वावरात जाते, म्हणून आठ वर्षांची ही पोरगी घर सांभाळते. अशा वेळी आईला दोष देऊन काही हाती लागत नाही. भाऊ अंगणवाडीच्या वयाचा आहे का ते पाहा, ताईंशी बोला. तो फारच लहान असेल तर वेचणीपुरता पोरीबरोबर वर्गात येऊ द्या. कोपऱ्यात पाटी-खडू घेऊन बसलेलं एक लेकरू शिकवण्यात फार अडथळा आणत नाही, आणि पोरीची शाळा सुटत नाही.

जे मूल खरंच वेचणीला गेलं होतं त्याच्या अनुभवाचा गणितात उपयोग करा. मायनं सोळा किलो वेचला, किलोमागे दहा रुपये मजुरी, तर हातात किती आले? त्याला हे तोंडी येतं. फळ्यावर मांडायला शिकवणं आपलं काम. मात्र वेचणीला जाण्याचं कौतुक करू नका. पहिल्यांदा मी ते केलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघं गेले. कौतुक करायचं ते परत येण्याचं.

प्रश्न विचारल्यावर थांबा

हा भाग छोटा आहे, पण त्यानं माझा वर्ग सगळ्यात जास्त बदलला. प्रश्न विचारला की मनात एक ते पाच मोजा, आणि तोवर तोंड बंद ठेवा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंदांपर्यंत थांबलं की उत्तरं लांब होतात आणि गप्प मुलंही बोलायला लागतात. मी मोबाइलवर स्वतःचा एक तास रेकॉर्ड केला तेव्हा मला तेच ऐकू आलं. मी विचारतो, पहिल्या रांगेतली दोन पोरं उत्तर देतात, मी पुढे जातो, असा सगळा तास.

मग सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाकली. प्रश्न विचारायचा, पाच मोजायचे, मग चिठ्ठी काढायची. आधी चिठ्ठी काढून मग प्रश्न विचारला तर उरलेले निर्धास्त होतात, म्हणून क्रम हाच ठेवा. उत्तर आलं नाही तर “बस खाली” म्हणू नका. “थोडा विचार कर, मी परत येतो” म्हणा आणि खरंच परत या.

‘फया’ आणि फळा

आपल्याकडची लेकरं ‘फळा’ला ‘फया’ म्हणतात, ‘डोळा’ला ‘डोया’. वऱ्हाडीत ळ चा य होतो, ही त्या बोलीची रीत आहे, मुलाची चूक नाही. झाडीपट्टीत वेगळी रीत, मेळघाटात कोरकू, केळापूर-पांढरकवडा भागात कोलामी, गडचिरोलीत गोंडी, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी. पहिलीच्या वर्गात मूल आपल्या घरची भाषा घेऊन येतं आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षक हसला तर ते वर्षभर बोलत नाही.

करायचं असं. मूल ‘फया’ म्हणालं तर तुम्ही पुढच्या वाक्यात सहज ‘फळा’ म्हणा, थांबवून सुधारू नका. तिसरी-चौथीत मात्र दोन्ही शब्द शेजारी लिहा: घरी आपण काय म्हणतो, पुस्तकात काय आहे. मुलंच यादी वाढवतात. गोंडी किंवा कोलामी बोलणारी मुलं असतील तर रोज एक शब्द त्यांच्याकडून शिका आणि परिपाठात वापरा. तुम्ही शिकताना अडखळलात, मुलांनी तुम्हाला सुधारलं, की शिकणाऱ्यानं कसं वागायचं हे त्यांना दिसतं. मी कोलामी नीट बोलू शकत नाही, पण ‘ये’, ‘बस’, ‘पाणी’ एवढे शब्द म्हणायला लागलो तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बसणारी दोन पोरं पुढे सरकली.

तुमची चूक झाली की

चौथीला हातच्याची वजाबाकी घेत होतो. फळ्यावर ५०२ वजा १६७. गडबडीत मी उत्तर लिहिलं ३४५. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग खिडकीजवळून एक आवाज आला, “सर, तिथं दहा नाही राह्यले, नऊ राह्यले. एक तर तुमी इकडे देला.” मी बघितलं. खरंच, दशकाच्या घरातला एक एककाला दिला होता आणि उरलेले नऊ मी दहाच धरले होते. त्या पोरीच्या हातात खडू दिला. तिनं दहावर काट मारली, वर नऊ लिहिलं, उत्तरातल्या चाराचे तीन केले आणि ३३५ वाचून दाखवलं.

असं होईल तेव्हा तीन गोष्टी करा. “हो, माझं चुकलं” हे पूर्ण वाक्य मोठ्यानं म्हणा. नेमकं कुठे चुकलं ते दाखवा. आणि ज्यानं चूक दाखवली त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या. चूक पटकन पुसून टाकू नका, फळ्यावर थोडा वेळ राहू द्या. “तुमची परीक्षा घेत होतो” असं तर कधीच म्हणू नका, मुलांना ते खोटं लगेच कळतं. त्या दिवसानंतर माझ्या वर्गात वह्या झाकून लिहिणं बरंच कमी झालं.

राग आला की

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण ती सांगितल्याशिवाय या लेखात मला काही सांगण्याचा अधिकार नाही.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. तिसरीतला एक मुलगा सलग चार दिवस वही न घेता आला. चौथ्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणालो, “बापाला एक वही घेता येत नाही का?” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. पाचव्या दिवशी मी घरी गेलो. ओट्यावर भिजलेल्या सोयाबीनचा ढीग होता, काळा पडलेला. पाऊस लांबला होता आणि पीक हातचं गेलं होतं. वडिलांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, “घेऊन देतो, सर. सोमवारचा बाजार होऊ द्या.” मला मान वर करता येईना. मुलगा परत आला तेव्हा मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. ती पुरेशी होती असं आजही मला वाटत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. छडी बऱ्याच शाळांतून गेली, पण माझं ते वाक्य छडीसारखंच होतं. म्हणून राग आला की काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा, त्या वेळी सुचत नाही.

मी असं करतो. आवाज चढवण्याऐवजी उतरवतो, त्यामुळे वर्गाला ऐकायला गप्प व्हावं लागतं. मुलाच्या जवळ जातो, त्याच्या उंचीला बसतो. फक्त काय झालं ते बोलतो: “तू त्याची पट्टी घेतलीस. आता ती परत दे.” ‘तू असाच आहेस’, ‘तुझं घरच तसं’ ही वाक्यं तोंडात येऊ देत नाही. आई-बापाचा, भावंडांचा, वस्तीचा उल्लेख कधीच करत नाही. प्रकरण मोठं असेल तर सुट्टीपर्यंत थांबतो आणि तेव्हा एकट्याशी बोलतो. आणि कपाटात पाच-सहा वह्या, काही पेन्सिली नेहमी ठेवतो. न आणलेलं मूल स्वतः घेतं, मी नोंद करत नाही, विचारतही नाही.

वर्गाचे नियम जूनच्या शेवटी, शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांबरोबर ठरवा. चारपेक्षा जास्त नकोत. त्यातला एक नियम शिक्षकासाठी असू द्या. माझ्या वर्गात मुलांनी ठरवला तो असा: सरांनी शिकवताना फोन बघायचा नाही. वरून माहिती मागितली जाते, फोन उचलावा लागतोच. मग मी मुलांना सांगतो, “शाळेची माहिती भरायची आहे, दहा मिनिटं लागतील,” आणि मगच बाहेर जातो. न सांगता स्क्रीनमध्ये बघत बसलेला शिक्षक मुलांना काय शिकवतो, ते मधल्या सुट्टीत त्यांचे खेळ पाहिले तरी कळतं.

कामं वाटताना

मॉनिटर आठवड्याला बदला, आणि त्याचं काम नावं लिहिण्याचं ठेवू नका. पुस्तकपेटी उघडणं, पाहुणे आले तर वर्गात काय चाललंय ते सांगणं, लहान गटाला वाचून दाखवणं, अशी कामं द्या. हुशार मुलालाच दरवेळी पुढे करू नका. वाचनात मागे असलेल्या मुलाला पोषण आहाराच्या वेळी ताटं मोजायचं काम दिलं, तर तो रोज हजर-गैरहजरचा हिशेब बरोबर सांगतो, आणि त्याचं गणित तिथून सुरू होतं.

खिचडी वाटताना तुम्ही तिथे उभे राहा आणि शक्य तेव्हा मुलांच्या रांगेत बसून जेवा. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं, पाण्याच्या टाकीवर कोण कोणाच्या नंतर हात लावतं, हे डोळे उघडे ठेवून बघा. काही खटकलं तर पंगतीची जागा चिठ्ठी काढून ठरवा आणि स्वतः त्यातलीच एक चिठ्ठी उचला. तुमचा चहा आणायला किंवा गाडी पुसायला कोणत्याही मुलाला पाठवू नका.

आणखी एक गोष्ट, जी चांगले शिक्षकही घाईत करून जातात. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात तेव्हा वर्गात “अमुक जातीची मुलं उभी राहा” असं मोठ्यानं म्हटलं जातं. ती माहिती शाळेच्या दाखल खारिज रजिस्टरमध्ये आधीच आहे. तिथून यादी काढा आणि कागदपत्रांसाठी पालकांना वेगळं बोलवा. वर्गात उभं राहिलेलं मूल तो क्षण विसरत नाही, आणि बसलेली मुलंही नाही.

पालकांसमोर

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पण बैठक दुपारी बारा वाजता ठेवली तर वावरात गेलेल्या माउल्या येणार कुठून? बैठक संध्याकाळी घ्या, शक्य असेल तर शाळेऐवजी समाजमंदिरात. आयांना मागे बसू देऊ नका, खुर्च्यांऐवजी सतरंजीवर गोल बसा आणि तुम्हीही खाली बसा. पहिली दहा मिनिटं तक्रारी नकोत. प्रत्येक मुलाबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगा, “तुमच्या पोरानं काल दुसरीच्या लेकराला घड्याळ शिकवलं.” हे सांगता येण्यासाठी आधी ते पाहिलेलं असावं लागतं, म्हणून आठवडाभर टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांची तयारी लिहायच्या वहीच्या, मागच्या पानावर अशा नोंदी ठेवा.

सुरुवात कुठून करायची

वरच्यापैकी एकच गोष्ट निवडा आणि पंधरा दिवस धरून ठेवा. मी सुचवीन की प्रश्नानंतर थांबण्यापासून करा, कारण त्याला ना पैसा लागतो ना परवानगी. टाचणवहीच्या शेवटच्या पानावर रोज एकच ओळ लिहा: आज नवीन कोण बोललं. पंधरा दिवसांनी ती नावं पटाशी ताडून पाहा. जी नावं एकदाही आली नाहीत, ती मुलं तुमच्या पुढच्या पंधरा दिवसांची. मग दुसरी गोष्ट उचला. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली की ऊन तापायच्या आत दिवस संपतो, तरी सगळ्यांचा पारा चढलेला असतो. त्या काळात नवीन काही सुरू करू नका, आहे ते टिकवा, पाणी प्यायला दर तासाला सुट्टी द्या.

महिन्यातून एकदा मुद्दाम दहा मिनिटं वर्गाबाहेर थांबा. मुलांना काम देऊन, सांगून जा. व्हरांड्यात उभं राहून ऐका. मॉनिटर कोणाच्या आवाजात ओरडतो आहे? कोणी कोणाला “थोडा विचार कर” म्हणालं का? कोणी “माझं चुकलं” म्हणालं का? जे ऐकू येईल ते त्याच टाचणवहीत लिहा, तारीख घालून.